रॅमवर ३२०० छापलंय, पण मशीन धावतंय कितीनं?

सोलापुरातल्या कॉम्प्युटर दुकानाच्या काउंटरवर हा संवाद रोजचाच.

"अण्णा, मशीन लई स्लो झालंय."

"३२०० ची रॅम टाकू की. पळतंय बघा."

पाच मिनिटांत पावती फाटते. त्या मशीनचा बोर्ड (मदरबोर्ड) ३२०० घेतो की नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. या लेखात दुकानात हमखास पुढे केले जाणारे रॅमचे प्रकार तपासले आहेत: डीडीआर४ पिढीतली साधी ३२००, हीटसिंकवाली (उष्णता बाहेर टाकणारं धातूचं कवच असलेली) ३२०० आणि ३६००, नव्या डीडीआर५ पिढीतली ५६०० आणि ६०००. वाढीव स्पीडसाठी मोजलेले जादा पैसे कोणत्या मशीनवर वसूल होतात, एवढाच प्रश्न आहे.

पट्टीवर छापलेला आकडा, म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष वेळा डेटाची देवाणघेवाण होते तो, पट्टीची कुवत सांगतो, मशीनची नाही. इंटेलच्या दहाव्या पिढीतला आय३-१०१०० किंवा आय५-१०४०० एच४१० बोर्डावर असेल, तर रॅम २६६६ च्या वर जाणार नाही. आय५-८४०० आणि आय५-९४००एफ यांचीही मर्यादा २६६६. आय३-८१०० आणि आय३-९१००एफ तर २४०० वरच थांबतात. एच३१०, बी३६०, बी३६५, एच४१०, बी४६० या चिपसेटवर (बोर्डावरची मुख्य चिप, तिच्यावरून बोर्डाचा प्रकार ठरतो) ही मर्यादा बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) शिरूनही उठवता येत नाही. बँकेपासून दवाखान्यापर्यंत टेबलाखाली धूळ खात पडलेले डबे बहुतेक याच पिढ्यांचे. त्यात ३२०० ची पट्टी चालते, पण २६६६ किंवा २४०० ने. दोन्हींचा भाव सारखाच असेल तर ३२०० घ्यायला हरकत नाही, पुढच्या मशीनला कामी येईल. पण केवळ त्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

दुसरी गोम आणखी बारीक आहे. बाजारात '३२००' या एकाच नावाखाली दोन वेगळे माल विकले जातात. एक साधी हिरवी किंवा काळी पट्टी, १.२ व्होल्टची, टायमिंग सीएल२२ (सीएल म्हणजे डेटा हाती येईपर्यंत जाणारे ठोके, कमी तेवढे बरे). बोर्ड आणि प्रोसेसरची तयारी असेल तर ही काहीही न करता ३२०० वर चालते. दुसरी हीटसिंक लावलेली, १.३५ व्होल्टची, सीएल१६. ही आपोआप ३२०० वर येत नाही; बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे कंपनीने पट्टीतच साठवलेली वेगाची सेटिंग, चालू करावं लागतं. (एसूसच्या एएमडी बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात.) ते केलं नाही, तर पट्टी २१३३, २४०० किंवा २६६६ यांपैकी तिच्या मूळ आकड्यावर पडून राहते. गंमत अशी की मर्यादा न उठणाऱ्या कुलूपबंद बोर्डावर महागडी सीएल१६ पट्टी कधी कधी साध्या सीएल२२ पट्टीपेक्षाही हळू चालते. साधीला २६६६ तरी मिळतं, ही २४०० वर अडकते.

म्हणून खर्चाआधी एक मिनिट द्या. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि त्यात मेमरी उघडा. उजवीकडे खाली 'स्पीड' आणि 'स्लॉट्स यूज्ड' दिसेल. सीपीयू-झेड हे मशीनची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलंत तर तिथे १६०० किंवा १३३३ दिसेल. फसवणूक झाली म्हणून दुकानदाराला लगेच फोन करू नका. ती खरी घड्याळ-गती असते. डीडीआर म्हणजे एका ठोक्यात दोनदा देवाणघेवाण, म्हणून दुप्पट करून वाचायचं. पण ३२०० ची पट्टी घेऊन १०६६ दिसत असेल, तर तुम्ही २१३३ वर चालला आहात. अशा वेळी खिशातून काही जात नाही. बायोसमध्ये एक्सएमपी चालू करा, सेव्ह करून बाहेर या. फुकटात होणारं अपग्रेड आधी करून घ्यावं.

स्पीडचा आकडा एकटा काही सांगत नाही, त्याला सीएलची जोड लागते. हिशेब सोपा: सीएल गुणिले २०००, भागिले स्पीड. उत्तर नॅनोसेकंदांत येतं, म्हणजे मागितलेला पहिला डेटा हाती यायला लागणारा वेळ. २६६६ सीएल१९ ला सव्वाचौदा. ३२०० सीएल२२ ला पावणेचौदा. ३२०० सीएल१६ ला बरोबर १०. ३६०० सीएल१८ लाही १०. २६६६ ची साधी पट्टी काढून ३२०० ची साधी पट्टी टाकणाऱ्याला वाट पाहण्यात अर्धा नॅनोसेकंद वाचतो, हे इथे उघडं पडतं. वाहून नेण्याची क्षमता मात्र वाढते: एका चॅनलला (प्रोसेसर आणि रॅममधल्या एका रस्त्याला) सेकंदाला २१.३ जीबीवरून २५.६ जीबी. ती क्षमता तुमचं काम वापरतं का, हा पुढचा प्रश्न.

टॅली, बिलिंग, एक्सेल, जीएसटीचं पोर्टल, सरकारी वेबसाइट यांपैकी कशालाही ती क्षमता लागत नाही. टॅलीचा डेटा हार्ड डिस्कवर असेल तर रॅम सोन्याची घातली तरी कंपनी उघडायला तेवढाच वेळ लागणार. तिथे आधी एसएसडी. अगदी साटा (जुन्या, हळू जोडणीची) एसएसडीही चालेल.

आता फोटो स्टुडिओचं बघू, कारण लग्नसराईत सगळ्यात जास्त ओरड तिथूनच येते. १२ बाय ३६ इंचाचा अल्बमचा एक स्प्रेड ३०० डीपीआयवर म्हणजे ३६०० गुणिले १०,८०० पिक्सेल, जवळपास ३ कोटी ८९ लाख. आठ बिट आरजीबीत प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरले की पानभर पसरलेला एक लेयर सुमारे ११७ एमबीचा. असे २० लेयर झाले की २.३ जीबी, आणि हिस्टरीतल्या पायऱ्या अजून मोजल्याच नाहीत. फोटोशॉपमध्ये दोन स्प्रेड उघडे, बाजूला क्रोममध्ये व्हॉट्सॲप वेब, त्यात विंडोजचं स्वतःचं ओझं. ८ जीबीचं मशीन गुडघे टेकतं. रॅम भरली की विंडोज उरलेलं डिस्कवर ढकलतं, आणि डिस्क, एसएसडी असली तरी, रॅमपेक्षा कितीतरी पट हळू. ग्राहकाला 'स्लो' वाटतं ते हेच. इथे २६६६ ची १६ जीबी ही ३२०० च्या ८ जीबीला डोळे झाकून हरवते.

फ्लेक्सवाल्यांचंही तसंच. १० बाय २० फुटांचा बॅनर ७२ डीपीआयला ८६४० गुणिले १७,२८० पिक्सेल होतो. सीएमवायकेत एकच चपटा लेयर जवळपास ६०० एमबी. गड्डा यात्रेच्या किंवा निवडणुकीच्या दिवसांत अशा चार फायली एकदम उघड्या असतात. उलट पूर्व भागातल्या चादरीच्या डिझायनरला रॅमची फारशी फिकीर नको. १३४४ हुकांच्या (उभे धागे उचलणाऱ्या) जॅकार्ड यंत्रावर ३००० पिकांची (आडव्या धाग्यांची) नक्षी म्हणजे जेमतेम ४० लाख चौकोन, ४ एमबीचा मामला. त्या टेबलावर पैसे घालायचे तर चांगल्या मॉनिटरवर घालावेत.

तेव्हा नियम असा: दिवसातल्या सगळ्यात गर्दीच्या वेळी टास्क मॅनेजरमधला मेमरीचा टक्का बघायचा. ८५ च्या वर राहत असेल तर जीबी वाढवा. साठच्या आसपास घुटमळत असेल तर रॅम हा आजारच नाही, दुसरीकडे शोधा.

जीबी वाढवताना स्पीडही पदरात पडते, ती अशी. 'स्लॉट्स यूज्ड' समोर '२ पैकी १' दिसत असेल, तर तुमची रॅम सिंगल चॅनलवर आहे, जणू दुपदरी रस्त्याचा एक पदर बंद. तेवढ्याच जीबीची दुसरी पट्टी टाकली की २६६६ वरही वाहून नेण्याची एकूण क्षमता सेकंदाला २१.३ वरून ४२.६ जीबी होते. एकट्या ३२०० च्या पट्टीला हे जन्मात जमणार नाही. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा. बोर्डावर बारीक अक्षरांत ए२ आणि बी२ छापलेलं असतं. शेजारी-शेजारी टोचली तर बऱ्याच बोर्डांवर दोन्ही पट्ट्या एकाच चॅनलवर जातात, आणि गिऱ्हाईक दोन पट्ट्यांचे पैसे मोजून एका पदरावरून चालत राहतं.

जुन्या २४०० शेजारी नवी ३२०० लावली तर दोन्ही २४०० वर चालतील. ते साहजिक आहे, त्यात बिघाड नाही. त्या जोडीवर एक्सएमपी चालू करण्याचा हट्ट केला की मात्र मशीन बीप देऊन बसतं. आणखी एक बारकावा स्टिकरवर असतो: १आर×८ की १आर×१६. दुसऱ्या प्रकारात पट्टीवर आठऐवजी चारच चिप असतात, बँक ग्रुप (चिपमधले मेमरीचे गट) निम्मे असतात, आणि तोच स्पीड, तोच सीएल असूनही काम थोडं मंद होतं. भाव सारखा असेल तर आठ चिपवाली मागा. काउंटरवर पट्टी उलटीपालटी करून चिप मोजायला लाजू नये.

मग वेगवान रॅम घ्यावी कोणी? ज्यांच्या डब्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही आणि तरी गेम खेळायचे आहेत, त्यांनी. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी किंवा रायझन ३ ३२००जी यांच्या आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते रॅमच वापरतं. म्हणून तिथे रॅमचा प्रत्येक वाढीव जीबी-प्रति-सेकंद थेट फ्रेममध्ये दिसतो. एकच १६ जीबीची पट्टी लावलेलं ५६००जी हे अर्धं बांधून ठेवलेलं मशीन आहे. ८ जीबीच्या दोन ३२०० सीएल१६ पट्ट्या हा इथला उत्तम सौदा. ३६०० सीएल१८ चा भाव फार वर नसेल तर तीही चालेल. रायझन ३००० आणि ५००० मालिकेत ३६०० पर्यंत मेमरी आणि आतलं इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग जोडणारी वाट) साधारण एकास एक ठोक्यात चालतात. त्याच्या बरंच वर गेलं की बहुतेक वेळा ती जोडी तुटते आणि जादा पैसे देऊन उलट वाट पाहावी लागते. ४००० किंवा ४४०० च्या डब्यावरचे रंगीत दिवे बघून भुलू नका.

दुसरा गट इंजिनिअरिंगच्या पोरांचा. ग्राफिक्स कार्डाविना स्वतःच्या मशीनवर भाषेचं एआय मॉडेल चालवायचं असेल, तर रॅमचीच परीक्षा होते. सात अब्ज पॅरामीटरचं मॉडेल चार बिटांत दाबलं की साधारण ४ जीबी होतं, आणि प्रत्येक टोकन (उत्तरातला शब्दाचा तुकडा) काढताना ते सगळं एकदा रॅममधून वाचावं लागतं. ३२०० ची एकच पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, म्हणजे फार तर ६ टोकन. दोन पट्ट्या, १२. डीडीआर५-६००० च्या दोन पट्ट्या ९६ जीबी देतात, म्हणजे २४. प्रत्यक्षात याहून कमीच मिळतं, पण प्रमाण हेच राहतं. मोठमोठ्या फायली झिप करणं, सिम्युलेशन, मोठा कोड कंपाइल करणं इथेही फरक जाणवतो, फक्त एवढा ठळक नाही.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्यांनी मात्र तो पैसा कार्डात घालावा. प्रोसेसर एक्स३डी मालिकेतला असेल, उदाहरणार्थ ७८००एक्स३डी, तर ९६ एमबीचा एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) रॅमची वाट पाहण्याची पाळीच कमी आणतो. तिथे सर्वात महागडी रॅम म्हणजे लग्नात नवरदेवाला दोन फेटे.

डीडीआर५ घेताना सावध राहायची जागा वेगळी आहे. हे मानक २०२० साली जाहीर झालं. पिना डीडीआर४ इतक्याच, २८८, पण खाच वेगळ्या जागी आणि वीज नियंत्रित करणारी चिप पट्टीवरच असते. त्यामुळे डीडीआर४ च्या बोर्डात ती बसत नाही, बसवायचा जोरही लावू नये. म्हणजे डीडीआर४ वरून डीडीआर५ वर जाणं हे रॅमचं अपग्रेड नाही. बोर्ड बदलावाच लागतो, आणि बहुतेकदा प्रोसेसरही. आय५-१२४०० सारखा प्रोसेसर दोन्ही चालवतो, पण एका बोर्डावर एकच. फक्त वेगवान रॅमसाठी एवढी तोडफोड करण्यात अर्थ नाही.

नवीनच मशीन बांधत असाल तर बोर्डाकडे बघून ठरवा. आय५-१२४०० किंवा १३४०० आणि एच६१० बोर्ड असेल तर डीडीआर५ ४८०० वरच धावेल. तिथे ६००० ची किट (जुळवलेल्या पट्ट्यांचा संच) घेणं म्हणजे शुद्ध नुकसान. रायझन ७००० किंवा ९००० आणि बी६५० बोर्ड असेल तर ६००० सीएल३० सर्वात जमणारी. ५६०० सीएल४६ शी तुलना केली तर क्षमतेत फरक ७ टक्क्यांचाच, पण वाट पाहण्यात १६.४ विरुद्ध १० नॅनोसेकंद. डब्यावर ६००० लिहिलेलं असतं, पैसे खरे वसूल होतात ते सीएल३० मुळे. ६००० सीएल४० दाखवली तर नको म्हणा. दोन किटमधला फरक रॅमच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत असेल तर द्यावा, त्याच्या वर गेला तर ५६०० घेऊन उरलेल्यात मोठी एसएसडी घ्यावी, असं आमचं मत. आणि पट्ट्या दोनच. रायझन ७००० ला दोन पट्ट्यांवर अधिकृत ५२०० मिळतात, चार भरल्या की अधिकृत आकडा ३६०० वर घसरतो. ३२ जीबी हवी तर १६ च्या दोन, सुरुवातीपासूनच.

पहिल्यांदा चालू करताना डीडीआर५ चं मशीन काही मिनिटं काळा पडदा दाखवत बसतं. बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे तिच्याशी वेग जुळवून घेत असतो. 'डिस्प्लेच येईना' म्हणून घाबरून मेन स्विच बंद केला की सगळं पहिल्यापासून. यूपीएसवर लावा, दहा मिनिटं हात लावू नका.

सोलापूरच्या हवेबद्दल दोन शब्द. रॅममधला बिट म्हणजे सूक्ष्म विद्युतभार, तो सतत गळतो, म्हणून डीडीआर४ मध्ये दर ६४ मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरला जातो. उष्णता वाढली की गळती वाढते. ८५ अंशांच्या वर तर दुप्पट वेळा भरावं लागतं. मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात ४३ अंश असतात, बंद डब्यात त्याहून जास्त. १.२ व्होल्टच्या साध्या पट्टीला याचं काही वाटत नाही. एक्सएमपीवर ताणलेली किट मात्र हिवाळ्यात गुण्यागोविंदाने चालून उन्हाळ्यात निळा पडदा दाखवू शकते, वर 'मेमरी मॅनेजमेंट' असं लिहून. एक्सएमपी हे कंपन्यांच्या कागदोपत्री ओव्हरक्लॉकिंगच (ठरल्या वेगाहून जास्त पळवणं) आहे, हे विसरू नये. हिशेबाच्या मशीनवर दोन टक्के वेगासाठी हा धोका पत्करायचं कारण नाही. बिघडलेला बिट आकड्यात शिरला तर मशीन सांगत नाही.

म्हणून चाचणी हवी, आणि ती बाकावर पंख्याखाली नाही. नवी पट्टी बसवून डबा बंद करा, मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घ्या आणि भर दुपारी सुरू करा. चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या, १६ जीबीला काही तास लागतील. एकही चूक दिसली तर ती 'चालतंय' मध्ये मोजायची नाही. एक्सएमपी बंद करून पुन्हा बघा. तरी चुका आल्या तर एकेक पट्टी वेगळी तपासा, सदोष असेल ती परत.

यंत्रमागाच्या परिसरात आणखी एक त्रास असतो, सुताचा बारीक कापूस. तो स्लॉटमध्ये शिरतो आणि ओलावा धरतो. रॅम बदलल्यावर डिस्प्ले गेला तर दहातल्या बऱ्याच वेळा पट्टी नव्हे, स्लॉट दोषी असतो. प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा. स्लॉट ब्लोअरने साफ करा, तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. सोनेरी पट्ट्या पांढऱ्या मऊ खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि रबराचा चुरा ब्रशने झटका. रोज घासायची ती गोष्ट नाही, सोन्याचा थर फार पातळ असतो. बसवताना 'टक' असा आवाज यायला हवा. काही बोर्डांना एकाच बाजूला कुलूप असतं, तिथे दुसरी बाजू अर्धवट राहते.

भावाबद्दल: एआय डेटासेंटरांच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जोरात चढले. तेव्हा जुन्या ऐकीव भावावर गणित मांडू नका, त्याच दिवशी दोन दुकानांत विचारा. रॅम बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा किरकोळ ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. वॉरंटीची सेवा चालू राहील असं कंपनीने सांगितलं आहे, तरी शिल्लक माल घेताना पक्कं बिल हवंच. १८ टक्के जीएसटीसह बिल, त्यावर पट्टीचा सिरियल नंबर, आणि सात दिवसांत चाचणीत नापास झाली तर बदलून देण्याचा शब्द, तोही बिलावर लिहून. घरी येऊन सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबमध्ये कंपनी, पार्ट नंबर आणि क्षमता स्टिकरशी जुळते का बघा. नुसतं स्टिकर बदलून विकलेला माल तिथे पकडला जातो.

इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या किंवा डीडीआर३ च्या मशीनवर स्पीडसाठी खर्च करूच नये. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या मशीनांना अधिकृतपणे जवळ करत नाही. लॅपटॉपमध्ये तर आधी पाठ उघडून बघा. एलपीडीडीआर (कमी वीज खाणारी रॅम) असेल तर रॅम बोर्डावरच डिंकासारखी चिकटलेली, बदलायचा प्रश्नच नाही.

आणि सगळं नीट बसवल्यावर दोन-तीन वर्षांनी मशीन अचानक मंदावलं, घड्याळही मागची तारीख दाखवू लागलं, तर नवी रॅम घ्यायला धावू नका. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला की बायोस सगळं विसरतं, एक्सएमपीसुद्धा, आणि पट्टी पुन्हा २१३३ वर जाऊन बसते. सेल बदला, बायोसमध्ये तारीख लावा, एक्सएमपी चालू करा.